जुन्या गाडीतल्या बेवारस वायरी: कोणती ओळखायची, कोणती ठेवायची, कोणती काढायची

खान्देशात जुन्या अँबेसेडर आणि पद्मिनी अजून बऱ्याच आहेत. कुणाच्या खळ्यात ताडपत्रीखाली, कुणाच्या जिनिंगच्या शेडमध्ये, कुणाच्या वाड्याच्या ढाळजेशेजारी. एखाद्या दिवाळीला घरातल्या पोराच्या मनात येतं की आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. इंजिन, ब्रेक, पत्रा यांची कामं समजतात. पण डॅशबोर्डखाली डोकं घातलं की पंचाईत होते. चार वायरी लोंबकळतायत, एकीच्या टोकाला काळी चिकट टेप, एका कपलरला, म्हणजे वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या जोडाला, जोडीदार नाही, बोनेटखाली एक जाड वायर नुसतीच वळवून ठेवलेली. मिस्तरीला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "र्‍हाऊ दे भो, काही होत नही." आणि ज्याला नीटनेटकेपणाची हौस, तो पकड घेऊन छाटायलाच बसतो.

मी दोघांच्याही बाजूचा नाही. वायर दोन्ही टोकांना सापडल्याशिवाय तिला बेवारस म्हणायचं नाही, एवढा एकच नियम मी पाळतो. खाली जे सांगतोय ते सगळं हा नियम कसा पाळायचा त्याबद्दल आहे.

लोंबकळणारी वायर तीनपैकी एका जातीची असते. पहिली, कारखान्यातूनच रिकामी आलेली: वायरिंगचा जुडगा एकच बनतो आणि तो साध्या-भारी सगळ्या मॉडेलना बसवतात, त्यामुळे रिव्हर्स लाईट, सिगारेट लायटर, रेडिओ यांची टोकं साध्या गाडीत तशीच राहतात. दुसरी, मागाहून कुणीतरी टाकलेली: वस्तू गेली, वायर उरली. तिसरी, वापरातलीच पण निसटलेली. ही तिसरी जात सगळ्यात फसवी. पेट्रोलचा काटा चालत नाही म्हणून तुम्ही वर्षभर कुरकुरताय आणि त्याचीच वायर "फालतू" म्हणून कापायला निघालाय, असं सहज होतं. म्हणून सुरुवातीला कागदावर लिहा: गाडीत काय काय चालत नाही. हॉर्न, ब्रेक लाईट, दाराचा दिवा, टेम्परेचर मीटर, डीपर, वायपर, सगळं चालवून बघा. बंद असलेल्या वस्तूंची ही यादी पुढे प्रत्येक लटकत्या टोकाशी ताडून बघायची आहे.

हत्यारं आणि तयारी

मल्टिमीटर हवा, बझरवाला. साधा चालतो. टेस्ट लॅम्प हवा, पण बाजारातला एलईडीचा नको. होल्डरमध्ये १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब, दोन लांब वायरी आणि टोकांना मगरचिमटे असा घरीच करा. पाच-सहा मीटरची एक सुटी वायर, तिलाही दोन्हीकडे चिमटे. कागदी टेप आणि पेन खुणांसाठी. टॉर्च, डोक्याला बांधायची असेल तर उत्तम. आणि एक वही.

काम थंड वेळेला करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात असतो, बंद गाडीत त्याहून जास्त. त्या उन्हात तुमचे हाल होतात ते वेगळे, पण चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक उन्हाळ्यामागून उन्हाळे खाऊन कडक झालेलं असतं. कपलर ओढला की त्याचं कान तुटतं. वायर कधीही ओढू नका, कपलरलाच धरा. घट्ट बसला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून चहा पिऊन या.

कशालाही हात लावण्याआधी फोटो काढा. बोनेट, कटआउट (डायनामोचं चार्जिंग सांभाळणारी डबी), फ्यूजपेटी, डॅशबोर्डखालचा भाग, स्टिअरिंगखालचे कपलर, डिकी. जवळून आणि लांबून दोन्ही. मग बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते बघा. ब्रिटिश घराण्याच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असायचा. तुमची गाडी तशी असेल तर पुढचं सगळं उलटं धरायचं. बॉडीला असलेलं टोक आधी काढायचं आणि शेवटी लावायचं, म्हणजे पाना पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

रंग काय सांगतात आणि कुठे फसवतात

अँबेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीन, म्हणून तिचं वायरिंग लुकास या ब्रिटिश कंपनीच्या रंगांनी चालतं. हे रंग पाठ झाले की अर्धं काम झालं. तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट, फ्यूजशिवाय, चोवीस तास जिवंत. पांढरा म्हणजे चावी दिल्यावर, पण फ्यूजच्या आधीचा. हिरवा म्हणजे चावीचाच, फ्यूजमधून आलेला. जांभळा म्हणजे कायम जिवंत, पण फ्यूजमधून. लाल म्हणजे पार्किंग आणि टेल. निळा म्हणजे हेडलाईट; त्यावर पांढरी रेघ असली तर अप्पर, लाल असली तर डीपर. काळा म्हणजे अर्थ, बॉडीला जाणारी वायर.

रेघांकडे लक्ष द्या, कारण ओळख त्यांनीच पटते. हिरव्यावर लाल रेघ डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी उजवा, हिरव्यावर जांभळी ब्रेक लाईट, हिरव्यावर तपकिरी रिव्हर्स, हिरव्यावर काळी पेट्रोलच्या टाकीतला फ्लोट, हिरव्यावर निळी टेम्परेचर, पांढऱ्यावर तपकिरी ऑइलचा दिवा, पांढऱ्यावर काळी इग्निशन कॉइलकडून डेल्कोला, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरला. धुळीने सगळे रंग मातकट झालेले असतात. रॉकेलच्या फडक्याने पुसा किंवा टेपखालून एक इंच उघडा. तिथे रंग नव्यासारखा निघतो.

पद्मिनीचं घराणं फियाटचं. तिथे रंगांपेक्षा टर्मिनलवरचे आकडे कामाला येतात: ३० म्हणजे बॅटरी, १५ किंवा १५/५४ म्हणजे चावीनंतरचा, ५० म्हणजे सेल्फ, ३१ म्हणजे अर्थ. हे बारीक आकडे स्विचच्या पाठीवर कोरलेले असतात. आरसा आणि टॉर्च लागते. फ्यूजही वेगळे, दोन्हीकडे टोकदार आणि वर धातूची पट्टी: पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा.

आता फसवणूक. मागाहून टाकलेल्या वायरींना हे नियम माहीत नसतात. टेप रेकॉर्डर बसवणाऱ्याच्या लेखी लाल म्हणजे पॉझिटिव्ह, लुकासच्या लेखी लाल म्हणजे पार्किंग. रोलमध्ये जो रंग उरला तो मिस्तरी लावतो. त्यामुळे रंगावरून अंदाज बांधा, निकाल मीटरवर द्या.

मूळची की मागाहूनची?

हे डोळ्यांनीच कळतं, मीटर लागत नाही. कारखान्याचा जुडगा कापडी किंवा न चिकटणाऱ्या टेपने एकसारखा गुंडाळलेला असतो, ठरावीक ठिकाणी फांदी फुटते, आणि पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे भोकात बसवलेल्या कड्यातून जातो. मागाहूनची वायर जुडग्याच्या बाहेरून, प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा सुतळीने बांधलेली. कुणीतरी ड्रिलने पाडलेल्या भोकातून उघडीच आत शिरलेली. तिथे पत्र्याची धार तिला वर्षानुवर्षं कापत असते. असं भोक दिसलं की वहीत आधी तेच लिहा, बाकी चौकशी नंतर.

टोकंही बोलतात. अँबेसेडरचे मूळचे जोड म्हणजे काळ्या रबरी नळीत दोन्हीकडून शिरणाऱ्या गोल गोळ्या, आपल्याकडे बुलेट म्हणतात ते, ४.७ मिलिमीटर व्यासाचे. चपटे थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे तुकडे) ६.३ मिलिमीटरचे, अल्टरनेटरसारख्या जाड कामाला ९.५ चे. वायर सोलून पीळ देऊन वर टेप लावली असेल तर ते कारखान्याचं काम नाही, एवढं नक्की.

जाडीवरून करंटचा अंदाज येतो. ०.३० मिलिमीटरच्या १४ तारा असलेली वायर साधारण ८ अँपिअरची, म्हणजे पार्किंग, इंडिकेटर, मीटर. २८ तारांची साडेसतराची, हेडलाईट-हॉर्नची. ४४ आणि त्याहून जास्त तारांची असेल तर चार्जिंग किंवा मुख्य करंट. लटकणारी वायर जितकी जाड, तितकी चौकशी आधी.

जिवंत वायरी शोधणं

प्रत्येक सुट्या टोकाला कागदी टेपचा झेंडा लावा, त्यावर आकडा लिहा, वहीत त्या आकड्यापुढे जागा, रंग, जाडी. टोकं एकमेकांना आणि पत्र्याला न लागतील अशी दूर वळवा, मगच बॅटरी जोडा.

टेस्ट लॅम्पचा एक चिमटा चांगल्या अर्थला, म्हणजे रंग खरवडलेल्या पत्र्याला किंवा इंजिनच्या बोल्टला. दुसरं टोक एकेका झेंड्याला लावत जा. सगळं बंद असताना एक फेरी. चावी पहिल्या खटक्यावर दुसरी फेरी. पार्किंग चालू, हेडलाईट चालू, डीपर. मग इंडिकेटर डावा, उजवा. मग कुणाला तरी ब्रेक दाबायला लावा. मग चावी देऊन रिव्हर्स गिअर टाका. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. रिव्हर्सची वायर फक्त चावी आणि रिव्हर्स गिअर दोन्ही असताना जिवंत होते. बाकी सगळ्या फेऱ्यांत ती मेलेली दिसेल.

इथे मीटरऐवजी बल्ब का, हेही सांगतो. गंजलेल्या जोडामागे एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ घेतच नाही. ५ वॅटचा बल्ब ०.४ अँपिअर घेतो. तो पूर्ण पेटला तर वायर खरी, मिणमिणला तर जोडात दोष.

सगळं बंद असतानाही जिवंत निघालेलं सुटं टोक सगळ्यात धोकादायक. त्यातही ते तपकिरी असेल तर मध्ये फ्यूजच नाही. पत्र्याला टेकलं की वायरच फ्यूजचं काम करते, जुडगा पेटतो. असं टोक सापडलं की बाकी काम थांबवा. बॅटरी काढा, टोकावर स्लीव्ह (प्लॅस्टिकची नळी) चढवा, मग पुढे.

मेलेल्या वायरींचं दुसरं टोक

आता बॅटरी पूर्ण सुटी. मीटर बझरवर. एकट्याने करायची सोपी रीत अशी: अनोळखी वायरीचं जवळचं टोक सुट्या वायरीने बॉडीला जोडून टाका. मग संशयाच्या जागी जा, डिकीत, ग्रिलमागे, टाकीपाशी, आणि तिथली प्रत्येक सुटी वायर मीटरने बॉडीशी तपासा. जी वाजेल ती तुमची. खात्रीसाठी जवळचं टोक बॉडीपासून सोडवून पुन्हा बघा. आवाज थांबला पाहिजे. न थांबल्यास ती वायर आधीच कुठेतरी अर्थ आहे, तुमचा निष्कर्ष चुकीचा.

नवशिके इथे बल्बमुळे फसतात. थंड बल्बच्या तारेचा रोध फार कमी असतो. २१ वॅटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे ७ ओहम, थंड असताना त्याच्या कितीतरी खाली. म्हणून इंडिकेटरची वायर बल्बमधून अर्थला पोचते आणि बझर ठणठणीत वाजतो. "शॉर्ट आहे" म्हणून माणूस संध्याकाळभर शोधत बसतो. त्या भागातले बल्ब आधी काढून ठेवा.

"जरा करंट देऊन बघू" हा मोह प्रत्येकाला होतो. अनोळखी वायरीला बॅटरीचा करंट सरळ देऊ नका. द्यायचाच असेल तर त्याच ५ वॅटच्या बल्बमधून द्या. पलीकडे शॉर्ट असला तर फक्त बल्ब पेटेल, काही जळणार नाही. पलीकडे छोटा दिवा असला तर दोघे मंद पेटतील. रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, असला तर टिक आवाज येऊ शकतो. पेट्रोलच्या काट्याच्या फ्लोटच्या वायरीला आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूला मात्र हेही नको.

नेहमीचे संशयित

आपल्या भागातल्या गाड्यांत त्याच त्या वस्तूंचे अवशेष सापडतात.

सरकारी लिलावातून आलेली अँबेसेडर असेल तर छताकडे बघा. १ मे २०१७ पासून लाल दिवे बंद झाले, पण त्यांच्या वायरी निघाल्या नाहीत. डॅशबोर्डखालच्या एका जादा स्विचपासून पुढच्या काचेच्या खांबातून वायर वर चढते आणि छताच्या अस्तरात संपते. वर पत्र्यावर लांबीने (पुटीने) बुजवलेलं भोक हाताला लागतं. ही वायर अस्तर न फाडता निघत नाही. स्विचच्या बाजूने तोडा, वरचं टोक तसंच राहू द्या. दोन्हीकडून मेलेली वायर कुणाचं वाईट करत नाही.

प्रचाराच्या गाड्यांत भोंग्याच्या अँप्लिफायरसाठी बॅटरीवरून थेट जाड वायर आत आलेली असते, बहुतेक वेळा फ्यूजशिवाय. ही बॅटरीपासूनच काढायची. त्यात दुसरं मत नाही.

गॅस किट काढलेल्या गाडीत जरा थांबा. गॅसचा सोलेनॉइड (करंटवर चालणारा व्हॉल्व), गॅस-पेट्रोलचा स्विच आणि डिकीतली वायर जाऊ शकते. पण पेट्रोलच्या नळीवरचा सोलेनॉइड अजून जागेवर असेल तर त्याची वायर कामाचीच आहे: करंट नसला की तो पेट्रोल बंद करतो. वायर काढायची तर आधी तो सोलेनॉइड काढून नळी सरळ जोडा.

डिझेल इंजिन टाकलेल्या गाडीत कॉइलच्या जागी पांढरी वायर लोंबकळते. कॉइल नाही म्हणून ती फालतू वाटते, पण चावी दिली की जिवंत असते. शिवाय हिटरसाठी कुणीतरी तिच्यातूनच करंट घेतलेला असू शकतो. पुढे काय जोडलंय ते पाहून मगच.

आणि सगळ्यात मोठा चकवा, डायनामो काढून अल्टरनेटर बसवलेली गाडी. डायनामोकडून कटआउटला दोन वायरी यायच्या: डी टर्मिनलची जाड तपकिरी-पिवळी, एफ टर्मिनलची बारीक तपकिरी-हिरवी. अल्टरनेटरचा रेग्युलेटर पोटातच असतो, म्हणून कटआउट रिकामा, शोभेचा. तो काढून टाकावासा वाटतो. पण बहुतेक मिस्तरी जुनीच जाड वायर अल्टरनेटरला लावतात आणि कटआउटवर तिला बॅटरीच्या वायरीशी जोडतात. म्हणजे शोभेच्या डबीच्या टर्मिनलवरून गाडीचं पूर्ण चार्जिंग चाललेलं असतं! डबीचं झाकण उघडा, कोणत्या थिंबलवर कोणती वायर चढवलीय ते बघा. एफची वायर एकतर सुटी असेल किंवा चार्जिंगच्या दिव्यासाठी वापरलेली असेल. चावी देऊन दिवा लागतो का ते पाहा, वायर सोडवून पुन्हा पाहा. सी-४० जातीचा लुकास डायनामो २२ अँपिअरचा होता. अल्टरनेटर त्याहून बराच जास्त देतो, त्यामुळे ही जाड वायर हाताला गरम लागत असेल तर बेवारस शोधणं बाजूला ठेवून आधी ती बदला.

टेप रेकॉर्डर, सेंट्रल लॉक, फॉग लॅम्प, रिव्हर्सचा गाणारा हॉर्न यांचं फार काही सांगण्यासारखं नाही. मागाहूनची वायर, दोन्ही टोकं सापडतात, निघते. फक्त ब्रेक लाईट किंवा दाराच्या दिव्यातून चोरून घेतलेला फाटा असेल तर मूळ वायर कापू नका. फाटा सोडवा, मूळ वायरीची सोललेली जागा नीट झाका.

काढायची कशी, ठेवायची कशी

कारखान्याची रिकामी टोकं मी काढत नाही. उद्या रिव्हर्स लाईट लावायची झाली तर आयती आहे, आणि गाडी मूळ रूपात ठेवायची तर हा जुडगाही मूळच. टोक बारीक सँडपेपरने साफ करा, उष्णतेने आवळणारी स्लीव्ह टोकाच्या बाहेर बोटभर ठेवून चढवा, पुढचं तोंड पकडीने दाबून बंद करा, आणि जुडग्यालाच मागे वळवून बांधा. त्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी.

साधी काळी चिकट टेप मात्र नको. आपल्या उन्हाळ्यात तिचा गोंद पातळ होऊन ओघळतो, टेप घसरते, वर कपाशीची पूड आणि धूळ चिकटते. दोन उन्हाळ्यांत टोक पुन्हा उघडं.

मागाहूनची वायर काढताना करंट जिथून येतो त्या टोकाकडून सुरुवात. नुसतं लटकणारं टोक कापलं तर वायर जिवंतच राहते, फक्त आखूड होते. जुडग्यात शिरलेली असेल तर ओढू नका, शेजारच्या वायरीचं कडक झालेलं आवरण सोलून निघतं. टेप शिवण उसवायच्या हुकाने उसवा, वायर मोकळी करा, पुन्हा गुंडाळा. रिकाम्या भोकात ग्रोमेट किंवा रबरी बूच बसवा. पावसाचं पाणी तर थांबतंच, पण धान्याच्या पोत्यांशेजारी उभ्या असणाऱ्या गाडीत उंदीरही तिथूनच शिरतात. उंदरांनी कुरतडलेली वायर दिसली तर त्याच रांगेत पुढे आणखी दोन-तीन असतात, थांबू नका.

एका वेळी एकच वायर काढा आणि दर वेळी हॉर्नपासून वायपरपर्यंत सगळं पुन्हा चालवून बघा. पाच काढून मग तपासलं तर कोणतीने घोटाळा केला ते कळणार नाही.

सगळं झाल्यावर बॅटरीचा करंट गुपचूप गळतोय का ते बघा. दारं बंद, चावी काढलेली. बॉडीकडचं टोक सोडवून मध्ये मीटर लावा, १० अँपिअरच्या खाचेत. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. घड्याळ, अलार्म, स्टीरिओ नसलेल्या गाडीत आकडा शून्याच्या आसपास हवा. अल्टरनेटरमुळे एखाद-दुसरा मिलिअँपिअर दिसला तर चालतं. ०.१ अँपिअर दिसले तर दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात, म्हणजे ४० अँपिअर-तासाची बॅटरी आठवड्याभरात जवळजवळ निम्मी. मग एकेक फ्यूज काढून आकडा कधी पडतो ते बघा. एकाही फ्यूजने पडला नाही तर चोर तपकिरी वायरीवर आहे, कारण त्या फ्यूजमधून जातच नाहीत: अल्टरनेटर, चावीचा स्विच, हेडलाईटचा स्विच, किंवा अजून न सापडलेला कुणाचा तरी फाटा. ते एकेक सोडवत जा.

वहीतलं पान स्वच्छ उतरवून काढा: कोणती वायर काढली, कोणती झाकून कुठे बांधली, कोणतीचा पत्ता लागला नाही. ज्यांचा पत्ता लागला नाही त्या तशाच झाकलेल्या राहू द्या, झेंड्यासकट. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.